काउंटीतला शिमगा

साउथ म्हटलं की माझ्या आईच्या डोळ्यांपुढे इडली येते. सध्या मी साउथमधल्या एका तालुक्याचा अभ्यास करतेय, असं मी तिला फोनवर सांगितलं, तेव्हा तिने लगेच विचारलं, "मग नारळ कितीला मिळतो तिकडे?" तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. साउथ म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग, तालुका म्हणजे तिकडची काउंटी, आणि अभ्यास तिकडे जाऊन नाही, तर सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात बसून.

"न जाताच?" आई म्हणाली. "मग पगार कशाचा देतात?"

प्रश्न रास्त होता. दोन हजार दहानंतरची ती वर्षं. आमची कंपनी छोटी होती. कोणाला परदेशात कारखाना काढायचा असला की जागेची कुंडली मांडून द्यायची, हे आमचं काम. त्या वेळी इथल्याच एका रबरी सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगाला अमेरिकेत जायचं होतं. तीन काउंट्या शर्यतीत होत्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. रिपोर्टची प्रकरणं ठरलेली: इतिहास, लोकसंख्या, अर्थव्यवस्था, आणि सरकारी तिजोरीची हालत.

इतिहास चटकन उरकेल असं वाटलं होतं. तिथल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की जुन्या काळी कापसाची भरभराट होती आणि मजूर मुबलक होते. मुबलक मजूर म्हणे! माझं डोकंच फिरलं. मी ते खोडून सरळ 'गुलाम' असं लिहिलं, आणि बॉसने कधी नव्हे ते तसंच राहू दिलं. पुढे रेल्वे आली, गाव वाढलं, शर्ट शिवायची मोठी गिरणी निघाली, आणि एक दिवस ती उठून आमच्या आशियात आली. म्हणजे त्यांच्या पोटावर पाय आणला तो आमच्याच बाजूने, आणि आता कारखाना घेऊन निघालेलेही आम्हीच.

उरलं काय, तर पाइनची लाकडं, कोंबड्यांच्या लांबच लांब शेड, एक इस्पितळ आणि एक तुरुंग. तुरुंगातले कैदी काउंटीच्या लोकसंख्येत धरतात हे कळल्यावर मी थक्क झाले. आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जेवताना हे लेकीला सांगितलं, तर ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो स्मार्ट, लाह. दे कान्ट मूव्ह हाउस." तिजोरीची गोष्ट तर एका म्हणीत संपत होती. कर घरांवर आणि जमिनीवर, घरातली माणसं गेलेली, तेव्हा आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माहितीसाठी मला फोन करावा लागायचा काउंटीच्या ऑफिसातल्या एका बाईंना. बाहेरून येणाऱ्या उद्योगांशी बोलायला त्यांना नेमलं होतं. आमची कुकरची शिट्टी व्हायची तेव्हा त्यांची सकाळची कॉफी असायची. माझ्या आत्येच्या वयाच्या, आणि बोलणं असं हेल काढून, की एक वाक्य संपेपर्यंत माझी भाजी चिरून व्हायची. पहिल्याच फोनला त्यांनी मला 'हनी' म्हटलं. मी आधी दचकले. मग लक्षात आलं, आमच्या रत्नागिरीकडे आत्या 'बाय' म्हणते, तेच हे. तेव्हापासून मला त्या आत्येच्याच बोलीत ऐकू यायच्या.

"खरं सांगते बाय," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काउंटीचं भलं व्हावं हे तर आहेच. पण मला माझा मुलगा परत हवाय. मोठ्या शहरात गोदामात कामाला आहे तो. इथे काम नाही म्हणून गेला. कारखाना आला की येईल."

इतकं सरळ कोणी सांगितलं की पंचाईत होते. कारण लोकसंख्येचं प्रकरण मी लिहायला घेतलं, तेव्हा त्यांची काउंटी माझ्या हातूनच बुडत चालली होती. गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न एकच होता: उद्या कारखाना उभा केला तर कामाला माणसं आणायची कुठून? आणि आकडे तर दर जनगणनेला उतरतच होते. इंटरनेटवर तिथल्या रस्त्यांचे फोटो बघितले तर घरामागून घर बंद. मी बाईंना ते सांगितलं. पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे आमचा नंबर गेला," त्या म्हणाल्या.

त्या बंद घरांकडे मी पुन्हा पाहिलं आणि मला हसूच आलं. अहो, अंगणातलं गवत कापलेलं होतं! सोडून दिलेल्या घराचं गवत कोण कापतं? आमचं गाव तरी काय वेगळं आहे? वर्षभर कुलपं. पण शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, आणि पालखीला कुलूप बघून माघारी जावं लागलं तर घराण्याची शोभा होते. म्हणून मुंबई-पुण्याची माणसं कशीही धडपडत येतात, दारं उघडतात, अंगण सारवतात, देवीची ओटी भरतात. जनगणनेवाला शिमग्याला आला तर आमचं गाव तालुक्यात पहिलं येईल.

मी बाईंना विचारलं, "तुमच्याकडे शिमगा कधी असतो?" आणि मग शिमगा म्हणजे काय ते सांगितलं. त्यांना समजायला जराही वेळ लागला नाही. ऑगस्टात एक रविवार असतो, म्हणाल्या. चर्चची, गाव सोडून गेलेली सगळी माणसं त्या दिवशी परत येतात. थडगी साफ करतात, झाडांखाली लांब टेबलं मांडून जेवतात, गाड्या लावायला जागा उरत नाही. तो रविवार पुढच्याच आठवड्यात होता.

"मग त्यांनाच विचारा," मी म्हटलं, "काम मिळालं तर कोण कोण परत येईल."

त्यांनी जेवणाच्या वेळी उभं राहून विचारलं आणि फोटो पाठवला. झाडांखाली ही गर्दी, आणि सगळ्यांचे हात वर! मागे एक उंच तरुण दोन्ही हातांत ताट धरून उभा होता. "तो माझा," बाई फोनवर म्हणाल्या. "ताट होतं ना हातात, हात कसा वर करणार!" आम्ही दोघी हसलो.

बॉसने फोटो पाहिला आणि म्हणाला, "फोटो इज नॉट डेटा, लाह." मी भांडले. या सगळ्यांची घरं आहेत तिथे, म्हटलं, फक्त कुलूप आहे. शिमग्याला परतीच्या एस.टी.साठी केवढी रांग लागते, ते मात्र मी बोलले नाही. गावजेवणात प्रत्येक जण म्हणतो, आता इथेच येऊन राहतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच रांगेत बॅग घेऊन उभा असतो. शेवटी बॉस कंटाळला आणि फोटो प्रकरणाच्या अखेरीस गेला.

कारखाना त्या काउंटीलाच मिळाला. फोटोमुळे, असं मी म्हणणार नाही. जमीन स्वस्त होती, रेल्वे होती. पण गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला गेली तेव्हा त्यांनी बाईंना त्या रविवारबद्दल विचारलं, एवढं खरं. मी त्या दिवशी ऑफिसभर लाडू वाटले. उगाच नाही, हक्काने.

पुढच्या मार्चमध्ये लेकीच्या शाळेला नेहमीची आठवड्याची सुट्टी लागली. शिमगाही तेव्हाच होता. आम्ही मलेशियात पेनांगला फिरायला गेलो. तिकिटं आधीच काढली होती.

त्यानंतरच्या वर्षी कारखाना सुरू झाला आणि मी मुद्दाम बाईंना फोन केला. माणसं येत होती. शेजारचं जोडपं परतलं होतं, बंद घरांत दिवे लागत होते, शाळेत मुलं वाढली होती. त्या सांगत होत्या आणि मी वाट बघत होते. शेवटी मीच विचारलं, "आणि मुलगा?"

"पुढच्या वर्षी बघू म्हणतो." मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्या दिवशी त्याच्या हातातलं ताट रिकामं होतं, बाय. बाजूला टेबल होतं. ठेवता आलं असतं."

तरी मी म्हटलं, "काम फार असेल हो त्याला. पुढच्या वर्षी नक्की येईल."

हे वाक्य मला जुळवावं लागलं नाही. पालखी दारात आली की आई दर शिमग्याला शेजाऱ्यांना माझ्याबद्दल हेच सांगते.