टेलला पाणी

माझ्या थोरल्या साडूंइतका स्वतःच्या शरीराकडे खात्याच्या नजरेने पाहणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. अकोल्याकडे पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. धरणाचं पाणी पार शेवटच्या शेतापर्यंत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'टेलले', पोचतं की नाही हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली. दुसरे निरीक्षक फोनवर विचारून 'पोचलं' लिहीत आणि मोकळे होत. साडू चपला काढून टेलच्या चारीत पाय बुडवत आणि मगच रिपोर्ट लिहीत. "पायाले ओल लागत नाई तोवर पाणी पोचलं म्हनायचं नाई, मास्तर," असं ते माझ्यासारख्या निरुपद्रवी शाळामास्तराला लग्नाच्या पंगतीतसुद्धा बजावत, आणि मठ्ठा शेवटच्या पानापर्यंत गेला का हे उठून पाहून येत. नवरदेवाच्या बापाला वाटे, पाहुण्यांना काहीतरी कमी पडलं.

दहाएक वर्षांपूर्वी त्यांचा डावा पाय बधिर होऊ लागला. तपासण्यांनंतर मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव निघालं. शरीराची संरक्षक फौजच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, असा हा घरभेदी आजार. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती, साडूंनी पाहणी सुरू केली. रोज सकाळी ते ओसरीत खुर्चीवर बसत, डोळे मिटत आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांच्या एकेका पावलावर तांब्याने गार पाणी सोडी. "उजवा, पोचलं. डावा, अर्धं." ताईने यावर फक्त "बरं" म्हणायचं. एखाद्या दिवशी "डावा कोरडा" असा रिपोर्ट आला की ताईचा चेहरा पडे आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडे. मी एकदा म्हटलं, भाऊसाहेब, बाईमाणसाचं मन राखायला थोडं इकडचं तिकडे करावं. तर म्हणाले, "खोटा रिपोर्ट म्या साहेबाले देल्ला नाई, बायकोले काहून देऊ?"

या आजाराला ऊन सोसत नाही, आणि यांचा मुक्काम अकोल्यात. मे महिन्यात चार पावलं टाकली की पाय लटपटत, डोळ्यांपुढे धुकं येई. मग साडू ओला दुपट्टा मानेला गुंडाळून फिरत आणि कुणी लग्नाची पत्रिका आणली की मुहूर्ताआधी मंडपात कूलर किती आहेत ते विचारत. दर्यापूरच्या एका लग्नात तर ते आइस्क्रीमवाल्याच्या पेटीला टेकूनच अक्षता टाकत होते.

मग कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की हा सगळा मानेतल्या शिरांचा खेळ आहे. शिरा अरुंद झाल्यात, लांबच्या एका शहरात त्या फुग्याने रुंद करून देतात आणि माणूस चालू लागतो. कालव्याच्या माणसाला हे पटायला कितीसा वेळ लागणार? टेल कोरडा म्हणजे वर कुठेतरी गाळ. त्यांनी खात्याच्या ट्रेसिंग पेपरवर निळ्या पेन्सिलीने आपल्या डोक्याचा आणि मानेचा नकाशा काढला. मुख्य कालवा, वितरिका, दरवाजे, सगळं अंतरासकट. अकोल्याहून गाडीचं तिकीटही काढलं. ताईचा मला फोन आला. "शीर फाटली तं काय करू मी? तुमी समजवा न जी त्याइले." मी एवढंच कबूल करून घेतलं की गाडीत बसण्याआधी नकाशा अमरावतीच्या, ज्यांचं औषध चालू होतं त्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचा. ते लगेच तयार झाले आणि मलाही बरोबर घेतलं. मंजुरीशिवाय कामाला हात लावणं त्यांच्या तत्त्वात नव्हतं.

डॉक्टरीणबाई दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने टेबलावरचे कागद बाजूला करून नकाशा पूर्ण उलगडला, शेजारी एमआरआयची फिल्म धरली आणि बराच वेळ दोन्ही पाहिलं. मग विचारलं, "काका, कालव्याकाठची जमीन चोपण होऊन नापीक कशानं होते?"

"पाझरानं," साडू म्हणाले.

"इथंही तेच आहे. मेंदूतल्या बारीक शिरांच्या भिंती ढिल्या पडतात, रक्तातल्या पेशी बाहेर झिरपतात अन् शेजारचं आवरण खराब करतात. म्हणून हे डाग शिरांना धरून दिसतात, पाहा. तुमचा नकाशा बरोबर आहे. गाळ तेवढा चुकीचा लिहिला."

"मंग मानेतली शीर रुंद केली तं?"

"करून पाहिलं डॉक्टरांनी. फायदा दिसला नाही, धोका मात्र आहे. पाझर कमी करायची औषधं तुमची चालू आहेत. पण जी जमीन आधीच चोपण झाली..."

"ते लवकर सुधरत नाई," वाक्य साडूंनी पुरं केलं. नकाशाची सुरळी करून ते उठले आणि ऑटोत बसल्यावर तिकीट माझ्या हातात दिलं. "वापस करून टाका. एकडाव पायी टेलले जाईन म्हनलं होतं, मास्तर." तोंडाने फटकळ असा हा माणूस इतकी साधी आशा बाळगून होता, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

गेल्या थंडीत मी अकोल्याला गेलो होतो. साडू आता दोन काठ्यांवर चालतात. सकाळी ओसरीत नेहमीची पाहणी चालू होती. "उजवा, पोचलं." मग ताईने डाव्या पावलावर पाणी सोडलं. साडू काही बोलले नाहीत. ताई रिकामा तांब्या धरून तशीच उभी राहिली. तेव्हा साडूंनी एक डोळा किलकिला करून आधी ओलं पाऊल पाहिलं, मग ताईचा चेहरा पाहिला, आणि डोळा पुन्हा मिटून घेतला.

"डावा, पोचलं."

"बरं," ताई म्हणाली आणि खाली बसून ते पाऊल सावकाश पुसत राहिली.

माझी सगळी नोकरी परीक्षेच्या हॉलवर पहारा करण्यात गेली आहे. कॉपी करणारा मला लांबून ओळखू येतो. त्या दिवशी मात्र मी सकाळचा पेपर उघडून तोंडासमोर धरला.