एक स्टॉप आधी

शेंद्र्याच्या कंपनीतून संध्याकाळी सुटणाऱ्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसायचा. चाळिशीचा, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातला. मुकुंदवाडीला आम्हा दोघांचा स्टॉप एकच होता, पण तो रोज एक स्टॉप आधी उतरायचा आणि डबा काखेत धरून मागच्या रस्त्यानं घरी चालत जायचा.

एकदा मी कारण विचारलं.

"आपल्या स्टॉपवर दारूचं दुकान हाय," तो म्हणाला. "आजा पिऊन गेला, बाप बी पिऊन गेला. शेळी ओढाळ असली की तिच्या पिल्लाच्या गळ्यात आमी आधीच लाकडाचं लोढणं बांधतो. कुणाच्या शेतात घुसायची वाट बघत नाय. हे चालणं माझं लोढणं."

त्यानं आजवर थेंबही घेतला नव्हता.

एके सकाळी त्या दुकानाला टाळं दिसलं. संध्याकाळी मी म्हणालो, "दादा, आज बसा निवांत. दुकान बंद आहे."

"दुकान बंद हाय, मी कुठं बंद हाय?" असं म्हणत तो हसत उठला.

मी मात्र दारू घ्यायचो, आणि वडीलही पिणारे म्हणून दोष त्यांच्या रक्तावर ढकलून मोकळा व्हायचो. त्या संध्याकाळी मी त्याच्या मागोमाग उतरलो.