आबांच्या हातातलं हाड

गेल्या महिन्यात मोरेश्वर गेला. फोन आमच्या डोंबिवलीच्या शेजाऱ्यांकडे आला. "ठाण्याहून... तुमचे ते मित्र..." शेजारच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या. मी तसाच स्टेशनकडे निघालो.

आम्ही दोघे कंपनीत एकाच पाळीला. ठाण्याच्या खाडीकाठचा हा कोळी गडी होळीला नाचायला लागला की भलेभले दमून बसायचे. पुढे त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. त्याची बायको सुनंदा आणि मी, तिसऱ्या कुणाला पत्ता नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर त्याने पाच-सहा वर्षं काढली, अंग धरलं, पुन्हा नाचलासुद्धा. वाटलं, सुटलो! आणि मग खुबा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड आतून मरतंय. आजाराने की गोळ्यांनी, नक्की सांगता येत नाही. गोळ्या सोडल्या तर जीव जाणार. ऑपरेशन हाच उपाय... पण रक्ताचा रिपोर्ट पाहिला की प्रत्येक सर्जनची तारीख पुढे जायची. एकाने तर त्याला तपासायच्या टेबलावरसुद्धा झोपू दिलं नाही. काय जाळायचंय असलं शिक्षण!

कोळीवाड्यात सांगितलं होतं, पाय मुरगळलाय. तिथेच घात झाला. मुरगळलेला पाय आबांकडे जायचा हा तिथला रिवाज. आबा म्हणजे मोरेश्वरचे चुलते, हाडवैद्य. ते आपणहून तेल घेऊन आले. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"खेचू का रं?"

"खेचा, आबा."

कडकन आवाज झाला. सुनंदाने पदर तोंडात कोंबला. मोरेश्वर घामाने निथळत म्हणाला, "आता बरा वाटते." त्यानंतर तो कधी उभा राहिला नाही. पडून पडून छाती भरली आणि संपलं.

अस्थी वेचायला आबाच पुढे होते. राखेतून त्यांनी मांडीच्या हाडाचा गोळा उचलला, सवयीने अंगठ्याने चाचपला. एका बाजूने तो पार बसून चपटा झाला होता. आबांनी तो माझ्यापुढे धरला. "ह्यो मी खेचला?... मना कुनी का नाय सांगला रं?" तेव्हा स्मशानात मी त्यांना सगळं सांगितलं.

परवा कोळीवाड्यात गेलो होतो. आबांच्या ओट्यावर एक म्हातारी सुजलेलं मनगट पुढे करून बसली होती. "नुसता बघ तरी," ती विनवत होती. आबांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"डाक्टरकडं जा," ते म्हणाले. कुठल्या डॉक्टरकडे, तारखा पुढे ढकलणाऱ्या का, ते मला त्यांना विचारवलं नाही.