सोमाजीचे गुरुवार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. एका शाळेत बारा वर्षं नोकरी केली की ते आपोआप साचतात, आणि त्यातले हसायचे तेवढे वर येतात. आमचे चौधरी गुरुजी शाळेतल्या टीव्हीचे किस्से प्रत्येक निरोपसमारंभात सांगतात. लोकं पोट धरून हसतात. गुरुजी गंगूबाईपाशी आले की थांबतात आणि पेढा तोंडात टाकतात. मला त्याचा राग येतो. म्हणून आज मी सांगते, आणि मी गंगूबाईपाशी थांबणार नाही.

*

गाव राजुऱ्याच्या पुढचं, जंगलाला लागून. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी वरोऱ्याहून बदलून आलेली. गावात सगळे मला नुसतं 'बाई' म्हणायचे. ग्रामपंचायतीला सरकारी टीव्ही मिळाला, पण पंचायतीचं छप्पर गळकं, म्हणून तो शाळेत आला. सुतारानं त्याला असं सागवानी कपाट केलं की टीव्ही एकटा माणूस उचलायचा आणि कपाट चौघांना हलेना. कपाटाला कुलूप. किल्ली शाळेचा शिपाई सोमाजीकडे. कौलांवर चढून बांबूला बांधलेली अंटेना फिरवायची, तेही त्याच्याचकडे.

आता सोमाजी म्हणजे गावातला एक नंबरचा पिणारा. मोहाची, रोज, दिवस मावळायच्या आधी. पहिल्याच आठवड्यात तो वर अंटेना फिरवतोय आणि खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी म्हटलं, "सोमाजी, काहीच दिसत नाही." तो शिडीवरून उतरला, डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं आणि मलाच म्हणाला, "काऊन बाई, मले तं दोन दोन दिसून राह्यले. तुमाले एक बी दिसत नाई?"

*

मग दर गुरुवारी संध्याकाळी ती हिंदी सीरियल सुरू झाली. नाव बरंच मोठं होतं. गावात सगळे 'दारूवाली' म्हणायचे. शहरातला एक कारकून, चांगला माणूस, दारूपायी हळूहळू बरबाद होतो, एवढीच गोष्ट. पटांगणात अख्खं गाव बसायचं, बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला.

पहिल्या भागात त्या कारकुनानं ग्लासात बर्फ टाकला, सोडा ओतला, एक घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसला. म्हातारे बापूजी उठले, धोतर झटकलं. "चला रे घरी. याले पेताच येत नाई. हा काय घर बुडवन!"

पाचव्या भागात तो भर दुपारी पायऱ्यांवरून पडला, आणि त्याची मुलगी मान खाली घालून बाजूनं निघून गेली. बापूजी त्या दिवशी परत येऊन बसले होते. ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

*

एका भागात कारकुनाच्या बायकोनं त्याची बाटली तांदळाच्या डब्यात लपवली. झालं! दुसऱ्या दिवशी गावातल्या निम्म्या बायांनी घरातली बाटली धानाच्या कोठीत पुरली, आणि गावातल्या निम्म्या माणसांनी थेट कोठीतच हात घातला. सीरियल दोघांनीही पाहिली होती ना.

*

आणि गंगूबाई. ती मोहाची दारू गाळून विकायची. सीरियलच्या वेळी घराला कडी लावून यायची, सगळ्यात पुढं बसायची आणि सगळ्यात जास्त रडायची. नाकाला पदर लावून म्हणायची, "कसं सोन्यासारखं घर बुडालं वो." मग घरी जाऊन कडी काढायची. गिऱ्हाईक दारात उभंच असायचं.

मी एकदा विचारलं, "गंगूबाई, तुम्हाला काही वाटत नाही का?"

ती खरंच विचारात पडली. "बाई, तो तिकडचा हाय," ती म्हणाली. "माह्याकडं तसा कोनी येत नाई."

इथं लोकं टाळ्या देतात आणि गुरुजी पेढा खातात. पण त्याच वेळी सोमाजीची बायको अनुसया मागं भिंतीपाशी बसलेली असायची, हे गुरुजी सांगत नाहीत. ती पडद्याकडं कमी आणि नवऱ्याकडं जास्त पाहायची.

*

सीरियल ऐन रंगात आलेली असताना एका गुरुवारी सोमाजीला कुलूप उघडेना. किल्ली नुसती लाकडावर घासत राहिला. उघडलं तेव्हा पडद्यावर शेवटची नावं चालली होती. बाया भडकल्या. सरपंचाच्या बायकोनं हात पुढं केला, "आण ती किल्ली. दुसऱ्याले देऊ."

सोमाजी किल्ली मुठीत धरून खाली बसला. "घरी मले कोनी पिशवी बी धराले देत नाई," तो म्हणाला. "हे एकच हाय माह्याकडं. हे नेऊ नका."

सरपंचाच्या बायकोनं हात मागं घेतला. किल्ली त्याच्याकडेच राहिली. पुढच्या गुरुवारी सोमाजी अंघोळ करून, केसांना तेल लावून आला आणि पहिल्या फटक्यात कुलूप उघडलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच.

महिनाभरानं अनुसया माझ्या घरी आली. बसली नाही. दाराशी उभी राहूनच म्हणाली, "बाई, गुरुवारी तो पेत नाई. पोरी त्याच्यापाशी जाऊन बसते. लहानी रोज सकाळी उठून इचारते, आज गुरुवार हाय का?" पदर तोंडाशी धरला तिनं. "आता शुक्रवारी बी नाई पेला. बाई, हा खेळ बंद तं नाई होणार ना?"

मी म्हटलं, चालेल अजून.

*

नाही चालला. पावसाळा संपायच्या आत कारकून मेला आणि सीरियल संपली. पटांगणात असं रडणं झालं की जणू गावातलाच कोणी गेला. सोमाजीनं कपाट लावलं आणि पायरीवर बसून राहिला. "आता गुरुवारी काय बाई?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, काहीतरी असेलच. पण अनुसया माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या मनात काय चाललंय ते तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

पुढच्या गुरुवारी त्या वेळेला इंग्रजीतली चर्चा लागली. तीन साहेब खुर्च्यांवर बसून बोलताहेत, बाकी काही नाही. माणसं दहा मिनिटांत उठून गेली. बाया उठल्या नाहीत. चाळीसेक बाया, मांडीवर पोरं घेऊन, शेवटपर्यंत इंग्रजी चर्चा ऐकत बसल्या. चित्र हललं की ओरडायच्या, "सोमाजी, अंटेना!" की तो शुद्धीतला माणूस सरसर शिडी चढायचा.

जाताना मी एका म्हातारीला विचारलं, "काय समजलं, आजी?"

"तो मधातला साहेब चांगला हाय," ती म्हणाली. "कमी बोलते."

असे किती गुरुवार गेले, मी मोजले नाहीत. धान कापणीला आलं. दिवसभर वाकून कंबर मोडलेल्या बाया यायच्या आणि बसल्या बसल्या डुलक्या घ्यायच्या. पण यायच्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सोमाजी आता आठवड्यातून एखाद्याच दिवशी प्यायचा, मग तोही दिवस सुटला. अनुसयाच्या अंगावर जरा मांस दिसायला लागलं.

एकदा कपाट लावताना तो माझ्याशी हळूच बोलला. "बाई, मले समजते. या बायाईले इंग्रजी येत नाई."

मी कपाटाचं दार दाबून धरलं.

"त्याईले सांगू नका, मले समजलं म्हनून," तो म्हणाला.

*

शेवटचा किस्सा कापणीनंतरचा. बुधवारी अवकाळी पाऊस आणि वारं झालं. अंटेना वाकडी झाली. गुरुवारी दुपारी, शाळा चालू असताना, सोमाजी ती सरळ करायला कौलांवर चढला. कौलं ओली होती. मी वर्गात पाढे घेत होते. धप्पकन आवाज झाला आणि मी धावत बाहेर आले. तो ओट्याच्या कडेवर डोकं आपटून पडला होता. पाणी पाजायलाही वेळ मिळाला नाही.

गाव जमलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "पिऊन चढला असेल." मी म्हटलं हे. गुरुजींनी नाही, सरपंचांनी नाही, मी. सगळ्यांत जास्त ज्या बाईला ठाऊक होतं, तिनं. का म्हटलं, ते मला आजही सांगता येत नाही. मग ते तोंडातोंडी झालं. ठाण्यातून जमादार येईपर्यंत गावाचं पक्कं झालं होतं, आणि जमादारांनी कागदावर लिहूनही टाकलं.

अनुसया नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तोवर ती रडत होती. ते लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा रडायची थांबली.

"साहेब, ते खोडा," ती म्हणाली.

"सारं गाव सांगून राह्यलं," जमादार म्हणाले.

"गावाले काय इचारता? तोंडाचा वास घ्या."

कोणी हललं नाही. जमादारांनी टोपी काढून हातात घेतली. अनुसयानं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं.

"बाई, पहिले तुमी," ती म्हणाली.

मी गेले. गुडघे टेकले. त्याच्या तोंडापाशी वाकले आणि श्वास घेतला. दुपारची भाकर खाऊन आला होता तो.

"कांद्याचा येतो," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांगा, बाई," अनुसया म्हणाली.