स्वयंपाकघराचा राहिलेला दुसरा हात

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी लूमखाली वाकून बसलो होतो, कोपरापर्यंत ग्रीस. कारखान्यात आवाज इतका की फोन वाजलेला ऐकू येत नाही, खिशात थरथरला म्हणून कळलं. वहिनींचा नंबर होता. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मनात आलं, झाला तगादा सुरू! "रविवारी येतोस का?" हे विचारायला नाना नेहमी वहिनींच्याच फोनवरून फोन करायचा. मी उचलला नाही. पुन्हा थरथरला, तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी चिडून बाहेर आलो आणि उचलला, तर पलीकडे त्यांचा शेजारी बोलत होता. नाना सकाळी पाणी भरताना मोरीपाशी बसला, तो उठलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी ग्रीसच्या हातानेच रिक्षात बसलो. त्याला आता दोन महिने होतील.

नाना म्हणजे माझा थोरला भाऊ, हिरामण. आम्ही धुळ्याकडचे. आधी तो सुरतेला आला, मागून त्याने मला आणलं. मी उधन्याला पावरलूमवर लागलो आणि अजून तिथेच घासतोय, बारा तासांची पाळी, रविवार तेवढा मोकळा. तो कापड रंगवण्याच्या मिलमध्ये गेला, आधी रंगाच्या बादल्या उचलायला, आणि हळूहळू रंगमास्तर झाला. व्यापारी बोटभर चिंधी आणून टाकायचा, म्हणायचा हाच रंग पाहिजे, आणि नाना तो रंग हजार मीटर कापडावर उतरवून द्यायचा. हे सगळं डोळ्यावर. ओलं कापड गडद दिसतं, वाळलं की फिकं होतं, म्हणून ओल्यात किती गडद ठेवायचं हा त्याचा हिशेब. तो हिशेब त्याच्या अंगात इतका मुरलेला होता की माझ्या लग्नात त्याने फेट्याचं कापड हाताने ओलं करून बघितलं होतं आणि दुकानदाराला सांगितलं होतं, हा रंग घामाला टिकणार नाही. दुकानदार चिडला. फेट्याचा रंग मांडवातच माझ्या कपाळावर उतरला. नाना पुढची कित्येक वर्षं ते सगळ्यांना सांगत होता.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितोय, एखादा शब्द राहून गेला तर चालवून घ्या.

कमल वहिनी तशा कमी बोलणाऱ्या. उधन्याच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला, तिथे भिंत कुठली आणि धूर कुठला ते कळायचं नाही. मग शहराबाहेर चलथाणच्या बाजूला एका सोसायटीत स्वतःचं छोटं घर झालं. पण नशीब बघा, स्वयंपाकघर मागच्या अंगाला, आणि त्याची एकुलती एक खिडकी उघडली की हातभरावर शेजाऱ्याची भिंत. वहिनी तांदूळ निवडायला थाळी घेऊन पुढच्या दारात जाऊन बसायच्या. आयुष्यात त्यांनी नानाकडे एकच गोष्ट मागितली असेल... उजेडाचं स्वयंपाकघर. नाना म्हणायचा, रिटायर झालो की करतो. आणि मिलमधून सुटल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याने फोन केला, "रविवारले येजो रे सुपड्या, ओटा तोडना शे." रविवारी ये, ओटा तोडायचाय.

हातात पैसा बेताचाच होता, त्यामुळे सगळा कारभार जुगाडाचा. काळ्या कडप्प्याचा ओटा काढला आणि दगडवाल्याकडून ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे आणले, तीन तुकडे, तीन जातींचे. नानाने ते पाण्याने ओले करून, उन्हात ठेवून, फिरवून फिरवून असे जुळवले की सांधा शोधावा लागतो. टाइल्स उरलेल्या लॉटमधल्या, दोन डिझाइनच्या, त्या एकाआड एक बसवल्या. फळ्यांना जुन्या कपाटाचे दरवाजे कापून लावले. गवंडी एकच, मजूर म्हणजे मी. आठवडाभर लूम आणि रविवारी नानाचं सिमेंट. घरी बायको म्हणायची, तुमच्या भावाचं घर उभं राहील आणि तुम्ही आडवे व्हाल. मी कुरकुर करायचो पण जायचो.

रंगाच्या बाबतीत मात्र नानाने कुणाचं ऐकलं नाही. दुकानदाराने छापील रंगांचं पुस्तक दिलं, ते त्याने उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, कागदावरचा रंग कागदालाच शोभतो. मिलमधून जमवलेल्या चिंध्यांचा एक पत्र्याचा डबा त्याच्याकडे होता, तो वहिनींसमोर रिकामा केला आणि म्हणाला, घे, निवड. वहिनींनी आठ दिवस घेतले. चिंध्या ओट्यावर मांडायच्या, सकाळी बघायच्या, दुपारी बघायच्या, दिवा लावून बघायच्या. शेवटी एक फिका पिस्ता रंग उचलला. पांढऱ्याच्या अगदी जवळचा, उजेड परत फेकणारा. नानाला मनातून बरं वाटलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, बघ, इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून हिचा डोळा तयार झाला.

पांढऱ्या प्लास्टिक पेंटची बादली आणली, हिरव्या आणि पिवळ्या रंगाच्या बाटल्या आणल्या, आणि नाना मिसळायला बसला. थेंब टाकायचा, ढवळायचा, काठीवर घेऊन चिंधीशेजारी धरायचा. मी म्हटलं, नाना, गडद वाटतोय. तो म्हणाला, तू लूमवाला, तुला धाग्याच्या पुढचं काय कळतं? वाळला की दोन आणे उतरेल. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या भिंतींना पहिला हात मारला. दुपारी जेवलो, चहा झाला, भिंती वाळल्या... आणि रंग उतरायच्या ऐवजी चढला. कापड वाळलं की फिकं होतं, चुन्याची भिंत वाळली की फिकी होते, पण हा प्लास्टिक पेंट वाळला की उलटा गडद होतो. ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. बाहेर ऊन असतानाच स्वयंपाकघर शिजलेल्या मेथीच्या भाजीसारखं झालं. आधी अंधार होता, आता हिरवा अंधार झाला.

नाना दारात उभा राहून बघत होता. चाळीस वर्षांत त्याने रंगवलेला एकही लॉट मिलमध्ये परत आला नव्हता. वहिनींनी दिवसाढवळ्या दिवा लावला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्यावर भागलं असतं. वरून फिक्या रंगाचा दुसरा हात मारला की काम झालं. पण नानाचा उजवा खांदा तेव्हापासून धरला, हात वर जाईना, आणि स्टुलावर चढायला वहिनी देईनात. म्हणजे रोलर मी फिरवायचा. पहिल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी मला खरंच उठवेना, अंग मोडून आलं होतं. तिसऱ्या रविवारी लूमचं तातडीचं काम निघालं असं मी सांगितलं. ते खोटं होतं. मी घरी झोपलो होतो. चौथ्या रविवारी मी नुसतंच "पुढच्या रविवारी नक्की" म्हणालो, कारण सांगायचेही कष्ट घेतले नाहीत. नाना रागावला नाही. म्हणाला, "ठीक शे, आराम कर." त्याच आठवड्यात तो गेला.

दहावं झालं, गंधमुक्ती झाली, गावाकडचे पाहुणे पांगले. ते सगळे दिवस मी वहिनींच्या घरी पुढच्या खोलीत बसायचो, स्वयंपाकघरात पाय टाकायचो नाही. पाणीसुद्धा कुणाकडून तरी मागून घ्यायचो. मला त्या भिंती बघवत नव्हत्या. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं की आता त्या तशाच राहणार, नानाच्या हाताचा शेवटचा रंग म्हणून वहिनी जपतील, आणि मला जन्मभर त्या बघाव्या लागतील.

पण महिन्याभराने वहिनींचाच फोन आला. या खेपेला मी पहिल्या घंटीला उचलला. म्हणाल्या, भाऊ, रविवारी या, रोलर घेऊन या. गावाकडच्या एका आत्याने त्यांना आधीच ऐकवलं होतं की वर्ष फिरायच्या आत घराला रंग लावू नये, लोक काय म्हणतील. मीही चाचरत तेच बोललो. त्यावर वहिनी म्हणाल्या, "लोक येतात आणि म्हणतात, मास्तरांनी हा रंग लावला? त्यांचा हा एकच लॉट बिघडलाय, भाऊ. तो मी सगळ्यांना दाखवत बसू?"

मी गेलो. भांडी बाहेर काढली, फळ्या झाकल्या, गॅसचं सिलिंडर ओढून बाजूला केलं. त्याच्या मागे, गुडघ्याइतक्या उंचीवर, भिंतीवर पाच पट्टे ओढलेले होते. हाताच्या पंजाएवढे, एकाखाली एक, पहिला गडद आणि पाचवा जवळजवळ पांढरा. प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, इतक्या डब्यांना हिरव्याचे इतके थेंब, पिवळ्याचे इतके. अक्षर नानाचं. चौथ्या पट्ट्याभोवती गोल काढला होता. मी वहिनींची चिंधी त्याला लावून बघितली. डोळे पुसून पुन्हा बघितली. कुठे चिंधी संपते आणि कुठे भिंत सुरू होते ते सांगता येत नव्हतं.

मी त्याच मापाने रंग मिसळला आणि दिवसभर रोलर फिरवला. वहिनी खालची बाजू ब्रशने करत होत्या. तिसऱ्या प्रहरी भिंती वाळल्या. शेजाऱ्याच्या भिंतीवरून येणारं ते जेमतेम ऊन आत आलं आणि सगळ्या खोलीभर झालं. मी खाली बसलो. शेवटी बोललो. म्हटलं, वहिनी, लूमचं काम वगैरे काही नव्हतं, मी घरी झोपलो होतो. मी आलो असतो तर नानाने हे बघितलं असतं.

वहिनी ब्रश धूत होत्या. त्या माझ्याकडे वळल्या नाहीत.

"बघितलं असतं," त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "पण तुम्ही आला नाहीत म्हणून ते चार रविवार इथे पाटावर बसून होते. पट्टा ओढायचे आणि वाळेपर्यंत माझ्याशी बोलायचे. लग्न झाल्यापासून त्यांना मी स्वयंपाकघरात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, भाऊ. जेवण झालं की मिल. मला ते चार रविवार मिळाले."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, ते मला ठाऊक नाही. विचारायचा धीर झालेला नाही. सिलिंडर ढकलून जागेवर लावायला गेलो, तेव्हा पाहिलं, त्या पाच पट्ट्यांवर वहिनींनी ब्रश फिरवला नव्हता.