इगर्जमास्तरांचं छप्पर

शाळेत मी छप्पर होतो. स्नेहसंमेलनात कुणी राजा व्हायचा, कुणी निदान भालदार. माझ्या वाट्याला छप्पर आलं. नववीत माझी उंची अचानक माडासारखी वाढली आणि अक्कल होती तिथेच राहिली, म्हणून इगर्जमास्तरांनी मला या कामावर नेमलं. आज माझं पोट सुटलंय, समुद्राकाठी माझा होमस्टे आहे, फलकावर माझं नाव मोठ्या अक्षरांत आहे. पण बाजारात जुना वर्गमित्र भेटला की मासळीच्या गर्दीत हाक येतेच, "काय रे छपरा, बरो मां?" आणि सुरमईचा भाव करणाऱ्या पुण्याच्या पाहुण्यांसमोर माझी इभ्रत जाते.

मास्तरांचं नाव पास्कू फर्नांडिस. इगर्ज म्हणजे चर्च. आमच्या मालवणी मुलखात ख्रिस्ती घरं आहेत, त्यामुळे हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी. मास्तर इतिहास शिकवायचे. म्हणजे पुस्तकातला इतिहास दिवाळीपर्यंत कसाबसा उरकायचे, हात झटकायचे आणि मग त्यांच्या आवडीच्या विषयावर यायचे: जुन्या गोव्यातली, शेकडो वर्षांपूर्वीची, एका मठाची पडकी इगर्ज. छप्पर नाही, दर्शनी भिंत नाही, अर्धा बुरूज तेवढा उभा. हे अभ्यासक्रमात कुठे आहे, असं हेडमास्तरांनी एकदा विचारलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "खंयच नाय. पडलेल्या घराची चवकशी कोणीतरी करूक होयी ना?" हेडमास्तर स्वतः पडक्या घरात भाड्याने राहत होते.

त्यांची सांगण्याची तऱ्हा जगावेगळी होती. लहानपणापासून ते आमच्या देवळातलं गाऱ्हाणं ऐकत आलेले. गावाच्या वतीने एकजण देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव हुंकार देतो, ती लय त्यांच्या अंगात भिनली होती. मास्तर खडू खाली ठेवत, डोळे मिटत आणि सुरू करत, "बा देवा म्हाराजा! त्या टेकडीर एक मठ होतो—"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडायचो.

"मठात साधू रवत होते, पेटयेतली पुस्तकां वाचत होते—"

"व्हय म्हाराजा!"

शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंना वाटायचं, शाळेत जत्रा भरली. माझे वडील देवळात गाऱ्हाणं घालायचे. कुणीतरी त्यांच्याकडे चहाडी केली की फर्नांडिस मास्तर तुमची नक्कल करतो. वडील मुद्दाम शाळेच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, सगळं ऐकलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "तेची वाणी माज्यापेक्षा बरी. देव तेवढो येगळो." मला वाटतं, माझ्या वडिलांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाची इतकी तारीफ केली नाही. माझी तर नाहीच नाही.

मग वर्गाची इगर्ज व्हायची. बाकं भिंतींना लावायची, ती झाली बाजूची छोटी देवघरं. मास्तरांचं टेबल म्हणजे वेदी. निम्मी मुलं साधू. आणि मधोमध दोन बाकांवर समोरासमोर उभे राहून, हात वर ताणून, बोटांत बोटं अडकवून मी आणि गावड्यांचा बाबी असे दोघे छप्पर. खाली इतिहास घडायचा आणि वर आमच्या काखा दुखायच्या. शेवटी सरकारचा हुकूम यायचा, मठ बंद व्हायचा, साधू एकेक करून दाराबाहेर व्हरांड्यात जायचे. शेवटच्या साधूने उंबरठा ओलांडला की मास्तर डस्टर टेबलावर आपटायचे. मग आम्ही पडायचं. डस्टर वाजल्याशिवाय पडायचं नाही, हा नियम.

एकदा एक माशी माझ्या नाकावर येऊन बसली. हात अडकलेले. मी फुंकर मारली, नाक उडवलं, मनातल्या मनात तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी काही सुचेना आणि मी बाबीला घेऊन सगळ्या साधूंवर कोसळलो. वर्ग हसून लोळला. मास्तर मात्र हसले नाहीत. मी त्यांना तसं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"मेल्या विनू! माणसां आत आसत अजून! तू कसो पडतंस?"

"मास्तर, माशी..."

"माशी नि बिशी! आयक. थंय माणसां होती तवसर तां छप्पर उभा होतां. माणसां गेली, मगे पडलां. माणसां आसती तर तां पडलां नसतां. परत चढ बाकार."

मी परत चढलो. माशीही परत आली. पण त्या दिवशी मी हललो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. त्याचा परिणाम असा झाला की परीक्षेत मराठी आरमारावर निबंध आला तेव्हाही मी मठाचं छप्पर पाडूनच बाहेर पडलो. दुसऱ्या शाळेतल्या परीक्षकांनी मला जे गुण दिले ते सांगण्यासारखे नाहीत.

मास्तर एवढे या इगर्जीच्या मागे का, हे आम्हाला सहलीत कळलं. नाताळ झाला की ते वर्ग घेऊन जुन्या गोव्याला जायचे आणि त्या पडक्या जागेत, गवतात उभे राहून, सगळं गाऱ्हाणं पुन्हा घालायचे. त्यांच्या घराण्यातला कुणी एकजण म्हणे तिथे गवंडी होता, छपराला चुना त्याने लावलेला. पुढे घर इकडे मालवणकडे आलं, पण वर्षातून एकदा घरातल्या कुणीतरी तिथे जाऊन बोलायचं, ही चाल राहिली. "वर्साक एकदा तरी त्या घरात माणसांचो आवाज जावक होयो," ते म्हणायचे. गवंड्याची गोष्ट खरी की खोटी देव जाणे. चाल मात्र खरी होती. मास्तरांनी ती कधी चुकवली नाही. निवृत्त झाल्यावर शाळेची सहल वॉटरपार्कला जायला लागली, तेव्हा मास्तर एकटे एसटीने जायला लागले. पुढे मार्थाबाय, त्यांची बायको, सोबत जायची आणि एकटीच "व्हय म्हाराजा" म्हणायची.

मी मोठेपणी पर्यटनाच्या धंद्यात पडलो आणि इतिहासाचा जाणकार म्हणून मिरवू लागलो. पाहुण्यांच्या पंगतीत बसून कोलंबीचं सुकं खाता खाता त्यांना विजयदुर्गापासून पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांपर्यंत काहीही ठोकून द्यायचो. एकदा मास्तर माझ्या अंगणात बसून हे ऐकत होते. पाहुणे खोलीत गेल्यावर म्हणाले, "विनू, तू खोटां सांगतंस तां जावंदे. पण तोंडात घास धरून कित्याक सांगतंस? सांगताना माणसान हुबा रवचां." तेव्हापासून मी उभा राहून खोटं सांगतो.

मागल्या वर्षी मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मुलगे मस्कतला, त्यांनी येऊन चाकाची खुर्ची घेऊन दिली आणि परत गेले. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. बोलणारा माणूस गप्प झाला की किती अवघड होतं! मी माझी बडबड करायचो, ते छताकडे बघायचे. डिसेंबर उजाडला तसे ते अस्वस्थ झाले. डाव्या हाताने खुर्ची ठोकायचे, दाराकडे बोट दाखवायचे. मार्थाबायने मला ओटीवर गाठलं.

"तेंका थंय जावचां आसा. औंदा चुकलां तर म्हातारो जीव सोडूचो नाय आणि धरूचोय नाय."

"जावया की. गाडी आसा माझी."

"गाडीचां नाय रे. सांगतलो कोण?"

मी इकडेतिकडे पाहिलं. ओटीवर तिसरं कुणी नव्हतं. मार्थाबाय माझ्याकडेच बघत होती. खोटं सांगणं वेगळं आणि हे वेगळं. पण मास्तरांची वर्षानुवर्षांची चाल माझ्या भित्रेपणामुळे तुटली असती, तर मी त्यांना कुठल्या तोंडाने भेटलो असतो?

नाताळ उलटल्यावर गेलो. तिथल्या पहारेकऱ्याने हात लावला म्हणून खुर्ची पायऱ्यांवरून वर गेली. मास्तरांना आम्ही मधोमध नेऊन ठेवलं. वर निळं आकाश, बाजूला जांभ्या दगडाच्या भिंती. मी उभा राहिलो. मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळं विसरलो. साधू आधी की हुकूम आधी? मग जे अंगाला ठाऊक होतं तेच केलं. एका पडक्या भिंतीच्या कट्ट्यावर चढलो, हात वर ताणले आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! या टेकडीर एक मठ होतो—"

हुंकार कुणी दिला नाही. मार्थाबाय पदराने तोंड झाकून रडत होती. पर्यटकांचं एक कुटुंब थबकलं. "अहो काका, तुम्ही नक्की काय करताय?" त्यातल्या बाईंनी विचारलं.

"मी छप्पर आहे," मी म्हणालो. त्यांनी मुलांना जवळ ओढून घेतलं.

आणि तेवढ्यात खालून आवाज आला. वाकडा, घशात अडकलेला, ओला. "व्हय... म्हाराजा."

मास्तर बोलले होते! मग माझी गाडी अशी सुटली की विचारू नका. साधू आले, पुस्तकं आली, घंटा वाजली, हुकूम आला; मी अर्धं चुकीचं सांगितलं असणार, पण प्रत्येक वाक्याला ते दोन शब्द आले, आधी एकट्याचे, मग मार्थाबायचे, मग पहारेकऱ्याचेसुद्धा. माझे खांदे भरून आले, काखेत कळा यायला लागल्या. साधू केव्हाच गेले होते. तरी मला हात खाली करता येईनात, कारण मास्तर अजून आत होते. मार्थाबायला ते कळलं. तिने खुर्ची वळवली आणि पूर्वी जिथे दार होतं तिथून हळूहळू बाहेर नेली. बाहेर गेल्यावर मास्तरांनी डावा हात उचलून खुर्चीच्या दांड्यावर आपटला. मी पडलो. या वयात, या पोटासकट, काटेरी गवतात सपशेल पडलो. पहारेकरी धावला. मास्तर मात्र हसत होते, अर्ध्याच चेहऱ्याने, पण पोटभर.

ते पावसाच्या आधी गेले. गावच्या इगर्जीत प्रार्थना झाली, मुलग्यांनी पेटी खांद्यावर घेतली, माणसं मागोमाग बाहेर पडली. मी मागच्या बाकावर बसून राहिलो. हात वर करून उभा राहिलो नाही, तेवढी अक्कल मला आता आली आहे. मार्थाबायने दारातून वळून पाहिलं.

"विनू, येतंस मां? सगळे भायर गेले."

"तू हो फुडे, बाय. मी येतंय मागसून."

ती गेली. मास्तरांना बाहेर नेलं होतं. आता नियमाप्रमाणे छप्पर पडायला हरकत नव्हती. मी वर बघितलं. पडलं नाही. मी होतो ना आत.