जांभळ्या दिव्याखाली

काल दुपारी वैष्णवी माझ्या टॅटूच्या दुकानात आली. दीड महिन्यापूर्वी मी तिच्या मनगटावर मोरपीस गोंदलं होतं, फक्त जांभळ्या दिव्याखाली चमकणारं. घरच्यांना दिसू नये म्हणून तिनं ही शाई निवडली होती. आता पीस दिसत नव्हतंच, पण त्याच्या रेषांवर उठलेल्या लाल गाठी भर उजेडात दिसत होत्या.

“मीच खाजवलं असेल, ताई,” ती म्हणाली.

मी पडदा ओढून दिवा लावला. पीस चमकलं. सुंदर दिसलं, आणि त्याचीच मला लाज वाटली. गोंदण्याआधी तिनं विचारलं होतं, “काही होणार नाही ना?” मी हातमोजे चढवता चढवता म्हटलं होतं, “अगं, काही होत नाही.” बाटलीवर रंगाचं नाव होतं, आत काय आहे, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. किती सहज बोलून जातो आपण हे, आणि समोरचं माणूस ते कातडीत घेऊन घरी जातं.

तिच्याकडे ती बाटली दिली, आजच त्वचेच्या डॉक्टरांना दाखव म्हटलं. “थँक्यू, ताई,” म्हणाली ती. मला!

मला शिकवणाऱ्या काकांचा नियम होता: नवी शाई आधी आपल्या पोटरीवर टोचायची, महिनाभर थांबायचं, मगच गिऱ्हाइकाला हात लावायचा. माझ्या पोटरीवर लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची रांगच आहे.

ती गेल्यावर मी सलवार वर सरकवून पाय दिव्याखाली धरला. एकही ठिपका चमकला नाही.